सटीरबाईंच्या मागे काय उरले?

कुटुंबोपचाराच्या आद्य प्रवर्तकांत ज्यांची गणना होते, त्या व्हर्जिनिया सटीर १० सप्टेंबर १९८८ रोजी कॅलिफोर्नियात स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निवर्तल्या. वय बहात्तर वर्षांचे. त्याच वर्षी सोव्हिएत रशियात जाऊन त्यांनी तेथील मानसोपचारकांना शिकविले होते. उन्हाळ्यात रोगाचे निदान झाले आणि सहकाऱ्यांना सावरण्यास अवधी मिळण्यापूर्वीच सारे आटोपले. अखेरच्या दिवसांत त्यांनी मित्र, सहकारी व आप्त यांना एक छोटे पत्र पाठविले. त्यात तक्रार नव्हती; या प्रवासात मला साथ द्या, एवढेच मागणे होते.

बाई मूळच्या शिक्षिका. विस्कॉन्सिनमधील शेतकरी कुटुंबात १९१६ साली जन्म, १९३६ साली अध्यापनाची पदवी. शाळा सुटल्यावर विद्यार्थ्यांच्या घरी जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. वर्गात गप्प बसणारे मूल घरात कोणाच्या धाकाने गप्प बसते, हे हजेरीपटावरून कळत नाही. पुढे शिकागोत समाजकार्याचे शिक्षण घेऊन त्या उपचारक्षेत्रात आल्या, तरी ही सवय सुटली नाही.

ती फळास आली १९५१ साली. छिन्नमनस्क ठरविलेली एक तरुणी त्यांच्याकडे येत असे. काही महिन्यांत ती सुधारली, आणि तिच्या आईने धमकी दिली की, माझ्या मुलीचे मन माझ्यापासून तोडल्याबद्दल तुमच्यावर दावा लावीन. दुसरा कोणी वकिलाकडे धावला असता. बाईंना त्या धमकीत एक आर्जव ऐकू आले. त्यांनी आईलाच बोलावून घेतले. आई येऊन बसताच मुलगी पुन्हा पहिल्यासारखी झाली! मग दोघींबरोबर नव्याने काम सुरू झाले. घडी बसते न बसते तोच बाईंनी विचारले, घरात वडीलही असतील ना? वडील आले, घडी विसकटली. नंतर भाऊ आला, पुन्हा तेच. आजार एकटीचा नव्हता. चौघांनी मिळून सांभाळलेल्या तोलाचा तो भाग होता. रुग्णाला घरच्यांपासून अलग ठेवूनच उपचार करावेत, असा दंडक असलेल्या काळात ही रीत जवळजवळ पाखंडाची होती.

हे त्या नुसते सांगत नसत, करून दाखवीत. सदैव नमते घेणाऱ्याला गुडघे टेकून बसवीत, दोष देणाऱ्याला बोट रोखून उभे करीत. कधी घरातल्या सर्वांच्या कमरेला दोऱ्या बांधून एकमेकांत गुंतवीत. एकाने पाऊल उचलले की चौघांना हिसका बसे. व्याख्यानाने जे उमगले नसते, ते गुडघ्यांना रग लागली की उमगे.

आक्षेप होता तो येथेच. ही पद्धती नव्हे, एका उंच, प्रेमळ बाईची मोहिनी आहे. बाई गेल्या की ती संपेल, असे टीकाकार म्हणत. तो अगदीच वावगा नव्हता. मायेला माप नाही आणि शास्त्राला माप लागते. परंतु ही कला आपल्यापाशीच कोंडून ठेवण्याचा दोष बाईंना देता येणार नाही. १९५९ पासून पालो अल्टो येथील मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कुटुंबोपचाराचे प्रशिक्षण उभारले. १९७७ साली ‘अवांता’ ही संस्था काढून शिष्यांना एकत्र आणले. ‘कंजॉइंट फॅमिली थेरपी’ हा १९६४ सालचा ग्रंथही शिकणाऱ्यांसाठीच होता.

तरीही ज्यांनी त्यांच्या शेजारी बसून काम केले, त्यांच्यापुढे पेच होताच. गुरूचा आवाज आणि हाताची ऊब कागदावर कशी उतरवावी? जॉन बॅनमेन, जेन गर्बर आणि मारिया गोमोरी या तीन सहकाऱ्यांनी बाईंची पद्धती ग्रंथरूपाने पूर्ण केली. ‘द सटीर मॉडेल’ हे पुस्तक त्यांच्या पश्चात, १९९१ साली प्रसिद्ध झाले. लेखकांत पहिले नाव सटीरबाईंचे आहे.