बारा मैलांच्या आतला न्याय

सिंधुदुर्गाचा इतिहास किल्ल्यापासून सुरू करायची आपली रीत आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याची पायाभरणी केली. १८१२ मध्ये मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेले. सत्ता बदलत गेल्या, पण पकडलेली मासळी कोणाच्या ताटात जाणार, हे किनाऱ्यावरचीच माणसे ठरवत राहिली.

रापण हे त्याचे उत्तम उदाहरण. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि दोन्ही बाजूंचे दोर वाळूत उभे राहून ओढायचे. मग वाटे पडतात: माणसांचे, होडीचा, जाळ्याचा. दोराला हात लावणारा वाटसरूही कालवणापुरती मासळी घेऊन जातो. पावसाळ्यात दर्या बंद, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच होडी लोटायची. हे नियम टिकले, कारण मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात तोंड दाखवायचे असे.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. सागरी मासेमारी नियमनाचा राज्याचा कायदाही त्याच वर्षीचा. पुढे यांत्रिक नौका वाढल्या, पर्ससीन जाळी आली. बांगडा-तारलीची झुंड समुद्रातच घेरून तळातून आवळणारे हे जाळे. रापणकर माशामागे धावू शकत नाही. मासा किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहतो. वाटेतच झुंड उचलली गेली, की त्याचा दिवस रिकामा जातो.

सरकार स्वस्थ बसले असे नाही. २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याने दंड लाखांत नेला. तरी तक्रारी थांबल्या नाहीत. राज्याचा अधिकार बारा सागरी मैलांपर्यंत. त्या रेषेवर रात्री कोण कुठे होते, हे सिद्ध करणे कठीण. शिवाय नियम मोडणारी नौका दूरच्या बंदरातली असली, की गावाची लाज तिला अडवत नाही. उलट, वरून लादलेला नियम गावालाही आपला वाटत नाही. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मच्छिमारांनी केलेला विरोध हेच सांगत होता.

म्हणून केवळ दंड वाढवून भागणार नाही. गस्तीत आणि पंचनाम्यात स्थानिक मच्छिमार संस्थांना अधिकृत स्थान द्यावे. कोणत्या नौकेवर काय कारवाई झाली, ते प्रत्येक बंदरावर जाहीर लावावे. रापणीचा कारभार उघड्यावर, सर्वांसमोर चालत आला. सरकारी कारभारानेही तेवढे तरी शिकायला हवे.