उजनीच्या चिखलालाही वाली हवा

उजनीचे पाणी कोणाचे, यावर पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांत दर उन्हाळ्यात वाद पेटतो. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या चिखलाचे काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ, डाळज या इंदापूर तालुक्यातल्या गावांकडे हिवाळ्यात पक्षी पाहायला जी गर्दी लोटते, तिचे कारण हा चिखलच आहे. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बाकदार चोच पाण्यात उलटी धरतो, जिभेच्या जोरावर पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडांच्या चाळणीत अडकलेले शेवाळ व बारीक जीव गिळतो. त्यासाठी त्याला उथळ पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. म्हणूनच धरण काठोकाठ भरलेले राहिले की रोहितांचे येणे लांबते आणि पाणी उतरू लागले की त्यांचे थवे दिसू लागतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब काठच्या कोवळ्या गवतावर चरतात, चक्रवाकही तिथेच उतरतात. या पाहुण्यांवर आता नावाडी, वाटाडे आणि घरगुती खानावळी चालवणारी कुटुंबे पोट भरतात. तरीही ज्या पट्ट्यावर हे सारे उभे आहे, तो पक्ष्यांसाठी राखण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. भिगवणच्या काठाचा निवडक सरकारी पट्टा वन्यजीव कायद्याखाली ‘संवर्धन राखीव’ म्हणून जाहीर व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला आक्षेप येतो तो असा की, उजनी हे सिंचनाचे धरण आहे, नैसर्गिक पाणथळ नव्हे. कागदोपत्री हे खरे आहे. 2017 च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले आहेत. पण नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर तरी काय आहे? निफाड तालुक्यात गोदावरीवर सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साठला, त्यावर पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. पुढे तिथे अभयारण्य झाले आणि 2020 साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. बंधारा अजूनही सिंचनाच्याच कामी येतो. पाणी अडवले कशासाठी आणि आज तिथे काय जगते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो काठावरच्या माणसांचा आहे. उजनीने गावेच्या गावे पाण्याखाली घेतली. पाणी खूप उतरले की जुन्या पळसदेवाचे मंदिर वर येते, तेव्हा त्या विस्थापनाची आठवण सगळ्यांना होते. ज्यांनी एकदा जमीन दिली, ते ओसरत्या पाण्यामागे गाळपेर करतात, मासेमारीवर जगतात. त्यांना ‘अभयारण्य’ शब्दाची धास्ती वाटते, आणि ती बिनबुडाची नाही. 1979 साली माळढोकासाठी सोलापूर-नगरकडे साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र एका फटक्यात अभयारण्यात घातले गेले. त्यात शेते आली, गावे आली, लोकांचे व्यवहार अडकले. पुढे हे क्षेत्र साधारण बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर लोकांचा राग ओढवला होता आणि माळढोकही वाचला नाही. ती चूक इथे करायची नसेल तर मार्ग वेगळा हवा. संवर्धन राखीव सरकारी जमिनीवरच होते, ते जाहीर करण्याआधी स्थानिकांशी चर्चा करावी लागते आणि व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. कोणत्या काठावर गाळपेर चालू राहील, कोणता तुकडा हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मोकळा ठेवायचा, पक्ष्यांपासून किती अंतरावर यंत्राची बोट थांबवायची, हे तिथे कुंभारगावच्या नावाड्याला विचारून ठरू शकते. काठ पोखरणारा बेकायदा वाळूउपसा रोखायलाही हाच आधार मिळेल.

माणसे आणि पक्षी शेजारी नांदू शकतात का, हे पाहायला लांब जायला नको. इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाक घरटी बांधतात. खाली दाखल्यांसाठी आलेल्यांची वर्दळ, वर पिल्लांचा कलकलाट. भादलवाडीच्या तलावातही त्यांची वीण होते. बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, पण ते माळरानावरच्या चिंकाऱ्यांचे. तिथून फारशा लांब नसलेल्या या पाणपक्ष्यांना मात्र लोकांच्या सवयीचाच आधार आहे. झाड तोडायचे किंवा तलावाचा गाळ उपसायचा निर्णय झाला, तर ती सवय पुरी पडणार नाही.

काही जण म्हणतात, पक्षी आपणहून येतात, मग हात कशाला लावायचा? पण पक्ष्यांची गर्दी म्हणजे पाणी निरोगी असल्याचा दाखला नव्हे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्यातल्या नत्र-स्फुरदाने शेवाळ माजते, जलपर्णी पसरते. शेवाळावर जगणाऱ्या पक्ष्याला काही काळ मेजवानीही मिळेल, पण जलपर्णीने झाकलेल्या पाण्यातला प्राणवायू घटला की आधी मासे जातात, मग मासेमार अडचणीत येतो आणि माशांवर जगणारे पक्षीही. शिवाय धरणाची पातळीच बेभरवशाची झाली आहे. 2024 च्या उन्हाळ्यात साठा वजा 50 टक्क्यांच्याही खाली गेला होता. सोलापूरच्या तहानेला पहिला हक्क आहे, तो पक्ष्यांसाठी कोणी मागू नये. संवर्धन राखीव धरणातला एक थेंबही मागत नाही, पाणी सोडल्यावर उरलेल्या काठाची शिस्त तेवढी मागते. सांडपाणी मात्र भिगवणच्या कोणत्याही समितीला थांबवता येणार नाही. ते वरच्या दोन महापालिकांनी नदीत सोडण्याआधी शुद्ध करायचे आहे, आणि त्याचा हिशेब इंदापूरच्या ग्रामपंचायतींनी त्यांच्याकडे जाहीरपणे मागायला हवा.