विमान आले, गाव गेले

कामगाराला विमानात बसवून कामावर नेणारा मालक पाहिला की कुणालाही वाटावे, श्रमिकाच्या भाग्याला आता आणखी काय हवे! पश्चिम ऑस्ट्रेलियातील लोहखनिजाच्या खाणींचे मालक गेली काही दशके हे भाग्य मुक्तहस्ताने वाटत आले आहेत. पर्थ शहरात पहाटे विमानात बसायचे, दोन तासांच्या आत सुमारे बाराशे किलोमीटर उत्तरेला पिलबारा प्रदेशातील न्यूमन गावी उतरायचे आणि बारा-बारा तासांच्या पाळ्यांना जुंपून घ्यायचे. कुठे दोन आठवडे काम आणि एक आठवडा घर, तर कुठे आठ दिवस काम आणि सहा दिवस घर. मधल्या काळात कंपनीच्या छावणीतील एक अरुंद खोली, कंपनीच्या भोजनगृहातील जेवण आणि पुन्हा तीच खाण. गावात उतरलेला हा माणूस गावाचा कधीच होत नाही. तो गावाचा होऊ नये, हीच तर या सगळ्या व्यवस्थेतील मेख आहे.

या व्यवस्थेचे समर्थक एक चित्र हमखास रंगवतात. तरुण तंत्रज्ञ काही महिने अशा दुर्गम गावी ये-जा करून खपतो, खर्चाला वावच नसल्याने पैसा साठवतो आणि मग परदेशच्या लांब सफरीवर निघतो. यात पिळवणूक कुठे आली, असे ते विचारतात. त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्याच इतिहासात आहे. १८६० च्या दशकात व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी आपल्या सरकारी नोकरांना दीर्घ सेवेनंतर लांब रजा देऊ केली, ती त्यांना जहाजाने मायदेशी इंग्लंडला जाऊन परत येता यावे म्हणून. साहेबांसाठी जन्मलेली ही सवलत विसाव्या शतकाच्या मध्यास सर्वसामान्य कामगारांचा हक्क बनली, आणि ते घडले संघटित कामगारांच्या रेट्यामुळे. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा तसा कायदा १९५८ चा आहे. ही लांब सफर पगारी रजेत होत असे आणि एका ठिकाणी टिकून राहिल्याबद्दल ती मिळत असे. आज कंत्राटदारामार्फत भरलेल्या खाणकामगाराचा मालक बदलत राहतो, सेवा तुटत राहते आणि सलग सेवेवर आधारलेला हक्क कागदावर उरतो. मग तीच सफर तो घरापासून तोडलेल्या आठवड्यांच्या मोबदल्यात विकत घेतो. जो हक्क होता तो सौदा झाला, आणि या सौद्यालाच आता स्वातंत्र्य म्हणण्याची प्रथा पडली आहे!

खाणमालकांना गावाचे वावडे पूर्वीपासून होते असे नाही. १९६० साली लोहखनिजाच्या निर्यातीवरील बंदी सैल झाली आणि त्या दशकात गोल्ड्सवर्दी, टॉम प्राइस, न्यूमन ही गावे कंपन्यांनीच उभारली. ओसाड मुलखात कामगार टिकवायचा तर त्याला घर, त्याच्या मुलांना शाळा आणि कुटुंबाला दवाखाना द्यावाच लागत होता. पण या गावांत मालकांनी न मागवलेली एक वस्तूही रुजली. ती म्हणजे कामगार संघटना. एका आळीत राहणारी, एका मैदानावर खेळणारी, एकमेकांची मुले सांभाळणारी माणसे संपाच्या दिवशीही एकत्र उभी राहात.

१९८६ साली या बळावर दोन घाव पडले. रोब रिव्हर खाणीचा ताबा असलेल्या पेको-वॉल्सएंड कंपनीने अकराशेहून अधिक कामगारांना एका फटक्यात कामावरून काढले. औद्योगिक आयोगाने त्यांना परत घ्यायला लावले हे खरे. परंतु पिलबारातील संघटनांवर मात करता येते, हा धडा मालकवर्गाने घेतला. त्याच वर्षी केंद्र सरकारने नोकरीतील सवलतींवर कर बसवला. गावात कामगाराला घर देणे त्यामुळे महाग झाले, तर दुर्गम खाणीवर त्याला विमानाने नेणे-आणणे करमुक्त राहिले. पुढे घरांनाही सवलती मिळाल्या, पण तोवर मालकांचा हिशेब पक्का झाला होता. वसवलेल्या माणसापेक्षा उडवत आणलेला माणूस परवडतो. तो शाळेसाठी मोर्चा काढीत नाही, नगरपरिषदेला जाब विचारीत नाही आणि पाळी संपताच हजार किलोमीटरांवर पांगतो. ज्यांची घरे एकमेकांपासून दूर शहरभर विखुरलेली, त्यांची सभा भरणार तरी कुठे?

या हिशेबाची किंमत दोघे मोजतात. एक, गावचा रहिवासी. २०१२ च्या सुमारास खाणीच्या तेजीत पोर्ट हेडलंड बंदरात घरभाडे आठवड्याला दोन हजार डॉलरांच्या घरात गेले. शिक्षिका, परिचारिका, दुकानातला नोकर यांना त्या गावात राहणेच अशक्य झाले. आणि ज्यांच्या भूमीतून हे लोखंड उपसले जाते ते आदिवासी? मे १९४६ मध्ये याच पिलबारात शेकडो आदिवासी पशुपालक मजुरांनी संप पुकारला. शिधा आणि नाममात्र मजुरीवर राबवले जाणे त्यांनी नाकारले आणि तो लढा १९४९ पर्यंत नेटाने चालवला. त्यांच्या वंशजांच्या डोक्यावरून आज रोज विमाने उतरतात. शेकडो कोसांवरून माणूस आणणे कंपनीला सोपे वाटते. दारातल्या तरुणाला शिकवून कामावर घेणे मात्र अवघड!

दुसरा, स्वतः कामगार. खाणीवर ये-जा करणाऱ्यांच्या आत्महत्यांनी अस्वस्थ झालेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधानसभेने चौकशी केली आणि तिच्या समितीने २०१५ साली या कामगारांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. दर खेपेस नवी खोली देण्याच्या पद्धतीपासून थकवणाऱ्या वेळापत्रकापर्यंत अनेक गोष्टींवर त्यात बोट ठेवले आहे. २०२२ च्या दुसऱ्या अहवालाने याच छावण्यांतील स्त्री-कामगारांच्या लैंगिक छळाचे विदारक वास्तव मांडले. जिथे शेजार नाही तिथे शेजाऱ्याचा धाकही नाही आणि आधारही नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, खाण संपली की गाव ओस पडते. गोल्ड्सवर्दी १९९२ मध्ये उठलेच ना? उठले, खरे आहे. पण न्यूमनची खाण १९६० च्या दशकाअखेरीपासून अव्याहत चालू आहे. अर्धशतकाहून अधिक काळ म्हणजे दोन पिढ्या. दोन पिढ्यांना पुरेल इतके लोखंड आहे, पण एका पिढीला पुरेल इतके गाव नको, हा कसला न्याय? दुसरा आक्षेप असा की, काही कामे अशीच करावी लागतात. हेही मान्य. मुंबई हायच्या तेलफलाटांवर कामगार हेलिकॉप्टरने जातो, कारण भर समुद्रात गाव वसत नाही. न्यूमन मात्र समुद्रात नाही. तिथे रस्ते आहेत, शाळा आहे, लोक आहेत. समुद्रातील अपरिहार्यता जमिनीवर लादणे ही निव्वळ लबाडी होय.

कामगाराला हेच हवे आहे, हा युक्तिवाद तर सर्वांत जुना. पर्थचे घर सोडायचे नाही असे कुणी ठरवले तर तो त्याचा अधिकार आहे, आणि तो त्याच्याकडून कुणी हिरावून घेऊ नये. पण ज्या गावात परवडणारे घर नाही त्या गावात राहायचे की नाही, ही निवड कसली? क्वीन्सलंड राज्याने २०१७ साली कायदा करून जवळपास वस्ती असलेल्या मोठ्या खाणींना सगळेच्या सगळे कामगार विमानाने आणण्यास मनाई केली आणि स्थानिक म्हणून कुणालाही काम नाकारता येणार नाही असे ठरवले. तो कायदा अपुरा असेल, पण विमान हे विधिलिखित नाही हे त्याने सिद्ध केले. पश्चिम ऑस्ट्रेलियाने त्याहून पुढे जावे. खाणीच्या परवान्याला घरबांधणीची अट जोडावी, आदिवासी तरुणांच्या प्रशिक्षणाचा भार कंपनीवर टाकावा आणि मालक बदलला तरी लांब रजेसाठीची सेवा तुटणार नाही अशी तरतूद खाणकामगारालाही लागू करावी. बांधकाम कामगारांना ती मिळाली आहे, खाणकामगारांना का नसावी? परदेशची सफर कामगाराने जरूर करावी. ती त्याने आपल्या श्रमाच्या हक्काने करावी. त्यासाठी घर, शेजार आणि संघटना गहाण टाकण्याची पाळी त्याच्यावर येता कामा नये.