काढा ती फळी!

पेडणे तालुक्यातल्या एका सरकारी कचेरीला तीन पायऱ्या आहेत, सहा-सहा इंचांच्या. दादाला चाकाच्या खुर्चीतून दाखल्यासाठी नेले, की वाड्यावरची चार पोरे त्याला खुर्चीसकट उचलून वर ठेवीत. पुढे पोरांनीच वर्गणी काढून तिथे सहा फुटांची जाड फळी घातली. त्यांचे ऋण मी मानतोच. पण तेव्हापासून साहेबांचे पालुपद एकच, "फळी आहे ना हो! मग अडचण कसली?"

अडचण ही, की एक फूट चढाला बारा फूट उतार हवा. म्हणजे इथे अठरा फूट. सहा फुटांची ती घसरगुंडी. पावसाळ्यात शेवाळली की धडधाकट माणूसही आपटायचा! (डिचोलीकडे माझ्या बहिणीच्या गावात उतार पक्का आहे, पण त्याच्या तोंडाशीच स्कूटरी उभ्या असतात.)

२०१६ च्या कायद्याने हा हक्क दिला, मेहेरबानी नव्हे. जून २०१७ मध्ये नियम निघाले. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये सरलीसुद्धा. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा पर्पल फेस्ट थाटात झाला, त्याच आठवड्यात आमच्याच तालुक्यात मोपाला विमाने उतरू लागली. दादा फेस्टहून हरखून परतला आणि सोमवारी पुन्हा त्याच पायरीशी अडला.

आता पोरांनी अठरा फुटांचा आराखडा काढून अर्जाला जोडला आहे. आणि दादानेच त्यांना बजावले, "काढा रे ती फळी. साहेबांना खाली येऊन सही करू दे."