लखोटा बंद, पण दार उघडे

पैशाचा व्यवहार इंटरनेटवरून करताना पत्त्याशेजारी कुलपाची खूण दिसली की निर्धास्त व्हावे, अशी समजूत आपल्या शहरातील शिकल्यासवरल्या मंडळींत, विशेषतः पेन्शनर वर्गात, चांगलीच रुजली आहे. ही समजूत निव्वळ खोटी असती तर एव्हाना मोडली असती. ती अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पोस्टकार्डावरील मजकूर वाटेतील कोणासही वाचता येतो. बंद लखोट्यावरचा पत्ता तेवढा दिसतो. इंटरनेटवरील मजकूर पुष्कळ काळ पोस्टकार्डासारखाच उघडा जात असे. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असले म्हणजे तो आपला संगणक व पलीकडचा संगणक या दोघांनाच उलगडेल अशा सांकेतिक रूपात जातो. फर्ग्युसन रस्त्यावरील एखाद्या उपाहारगृहात फुकटच्या वाय-फायवर कोणी आपल्या आजाराची माहिती शोधली, तर ती व्यक्ती कोणत्या संकेतस्थळावर गेली हे वाय-फाय पुरविणाऱ्यास बहुधा कळेल. आजार कोणता, हे मात्र कळणार नाही. ही गोष्ट लहान नव्हे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्या हक्काचा रोजचा पहारा ही सांकेतिक लिपीच करीत असते. तिच्यासाठी लागणारे प्रमाणपत्र २०१५ च्या अखेरीपासून 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून विनामूल्य मिळू लागल्यावर खर्चाची सबबही उरली नाही.

परंतु लखोटा बंद आहे, म्हणून तो घेणारा सज्जन आहे असे थोडेच होते! विनामूल्य प्रमाणपत्र भामट्यासही मिळते. बँकेच्या नावातील एखादे अक्षर फिरवून उभारलेल्या बनावट संकेतस्थळावरही तेच कुलूप झळकू शकते, आणि आपला परवलीचा शब्द वाटेत कोणाच्याही दृष्टीस न पडता थेट चोराच्या हाती पडतो. लोक या खुणेचा भलता अर्थ लावतात, हे पाहूनच गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधील पत्त्याशेजारचे कुलूप काढून टाकले. प्रमाणपत्र देणाऱ्यांचीही कथा काही वेगळी नाही. आपल्या केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गूगल व याहू यांच्या नावांची बनावट प्रमाणपत्रे बाहेर पडल्याचे जुलै २०१४ मध्ये उघडकीस आले होते.

आणि लखोटा जेथे पोचतो, त्या घराचे काय? ऑगस्ट २०१८ मधील कॉसमॉस बँकेचे प्रकरण पुणेकर विसरले नसतील. चोरांनी बँकेच्या एटीएम-यंत्रणेतच शिरकाव केला, बनावट कार्डांवरील मागण्या परस्पर मंजूर करविल्या आणि ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतून पैसे काढले. १३ तारखेस आणखी रक्कम हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आली. आकडा ९४ कोटी रुपयांवर गेला. यात खातेदाराच्या पडद्यावरील कुलूप कोणी फोडले नव्हते. फोडण्याची गरजच नव्हती.

म्हणून आमचा प्रश्न ग्राहकांस नाही, लखोटा घेणाऱ्यांस आहे. बँकाच नव्हेत, तर इस्पितळे, शिकवणीवर्ग, गृहनिर्माण संस्था आपली माहिती जमवीत असतात. ती किती दिवस ठेवतात, कोणास पाहू देतात, याचा जबाब त्यांनी द्यावयास हवा. माहितीच्या रक्षणात कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद असलेला कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. त्याचे नियम प्रसिद्ध होण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य जबाबदाऱ्या पार पाडण्यासाठी त्यांतही पुढे अठरा महिन्यांची सवलत देण्यात आली. चोरांनी अशी मुदत कधी मागितल्याचे ऐकिवात नाही. ज्या संस्थांपाशी पुणेकरांची माहिती आहे, त्यांनी सरकारी तारखेची वाट न पाहता आपली व्यवस्था आजच जाहीर करावी. आणि सभासदांनी येत्या वार्षिक सभेत हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घालावा.