इसार परत

पैठणात घर घ्यायला निघालो होतो. गोदेच्या घाटाकडं उतरणारी गल्ली, दोन खोल्या, पुढं ओसरी. भाव ठरला. एक्कावन्न हजार इसार दिला, इसारपावती झाली. मालकाकडं दोनदा चहा झाला. बँकेनं कर्ज मंजूर केलं. राहिलं होतं फक्त खरेदीखत.

आमचं आडनाव मराठ्यांतही असतं. मालकानं आपल्या सोयीचा अर्थ काढला होता. कागद न्यायला खोलीवर आला, भिंतीवरचे बाबासाहेब बघितले आणि उभाच राहिला. पाण्याला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, माझं काही नाही हो. गल्लीतले लोक ऐकत नाहीत."

गल्लीतले लोक! नाथषष्ठीला वारकऱ्यांसाठी ओसऱ्या मोकळ्या करणारे. नाथ राण्या महाराच्या घरी जेवले, ही गोष्ट कीर्तनात ऐकून डोळे पुसणारे. महाराघरी जेवलेला संत यांना चालतो. शेजारी राहणारा महार चालत नाही.

आणि मी काय केलं? ताठ मानेनं गेलो, इसार मोजून परत घेतला, पावती त्याच्यासमोर टराटरा फाडली. लै मोठा स्वाभिमान! वकील मित्र म्हणाला, "येड्या, त्याचं काम तूच करून आलास."

गड्यांनो, त्या पावतीवर दिवाणी कोर्टात खरेदीखत करून मागता येत होतं. विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, 1963. दाव्याला तीन वर्षांची मुदत. पैसे तयार होते हे दाखवावं लागतं, तर बँकेचं पत्र खिशात होतं. वर 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा. कुठल्याही वस्तीत घर घ्यायला अस्पृश्यतेपायी आडकाठी केली तर कलम 4 खाली गुन्हा. आणि कलम 12 असं की, माणूस अनुसूचित जातीचा असला तर कोर्ट अस्पृश्यतेचंच कारण धरून चालतं. तसं नव्हतं हे समोरच्यानं शाबित करायचं. हे सगळं मी फाडून टाकलं.

बडोद्यात 1917 साली बाबासाहेबांना घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी हाकललं. त्यांच्या हातात तेव्हा कुठलं कलम होतं? माझ्या हातात होतं.

आता आपलेच पुढारी सांगतात, "कशाला कटकट? आपल्या कॉलनीत प्लॉट घे." घ्यायचा त्यानं खुशाल घ्यावा. पण हाकलल्यावर जाऊन घेतलेला प्लॉट म्हणजे गावकुसाबाहेरचीच जागा, फक्त सात-बारा आपल्या नावावर.

दुसरं घर बघितलंय. तोच घाट, दोन गल्ल्या सोडून. कोणत्या समाजाचा ते मालकाला आधीच सांगितलंय. सध्या तरी हो म्हणतोय. या वेळी साधी पावती नाही. चतुःसीमा, किंमत, खरेदीखताची तारीख घालून साठेखत नोंदवणार, इसार चेकनं देणार. सोमवारी अकरा वाजता दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. दोन साक्षीदार पाहिजेत.

कोण येतंय?