‘सरकारी काम’ म्हणजे कोणाचे काम?

सरकारी मोटारींचा गैरवापर हा आपल्याकडे आता केवळ थट्टेचा विषय उरला आहे. साहेबांच्या मुलांना शाळेत पोचविणारी जीप, लग्नमंडपाबाहेर तिष्ठत उभी असलेली पाटीवाली गाडी, ही दृश्ये इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यांविषयी कोणास चीडही येत नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील लाल दिवे उतरले, तेव्हा सरंजामशाही संपल्याचा मोठा गवगवा झाला. दिवा उतरला हे चांगलेच झाले. परंतु मोटार कोणाच्या कामासाठी धावते, हा प्रश्न दिव्याखालच्या अंधारात होता तेथेच आहे.

नियम नाहीत असे नाही. सरकारी गाडीचे लॉगबुक ठेवावे लागते. प्रवासाचे अंतर, कारण आणि अधिकाऱ्याची सही त्यात असावी, खासगी प्रवास झाल्यास त्याचे पैसे भरावेत, असे दंडक आहेत. ही सारी इमारत ‘सरकारी काम’ या दोन शब्दांवर उभी आहे. आणि हे दोन शब्द सत्ताधाऱ्यांच्या सोयीप्रमाणे फुगतात व आक्रसतात, हेच खरे दुखणे आहे.

एक जुना खटला या दृष्टीने उद्बोधक ठरेल. ११ फेब्रुवारी १९५२ रोजी उदयपूरच्या कलेक्टरांची जीप दुरुस्तीनंतर कारखान्यातून परत नेली जात होती. संध्याकाळची वेळ. चालक तात्पुरत्या नेमणुकीवरचा. त्याच्या निष्काळजीपणामुळे पदपथावरून चालणारा एक गृहस्थ गाडीखाली सापडला आणि तीन दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. त्याच्या विधवेने आणि लहान मुलीने २५,००० रुपयांची भरपाई मागितली. कनिष्ठ न्यायालयाने काय करावे? जीप कलेक्टरांच्या सरकारी कामासाठी ठेवलेली, म्हणून सरकार जबाबदार नाही, असे ठरवून हुकूमनामा दिला तो एकट्या चालकाविरुद्ध! ज्याची नोकरीही कायम नव्हती, त्याने एका कुटुंबाच्या पोशिंद्याची किंमत मोजावयाची होती. उच्च न्यायालयाने राज्याला १५,००० रुपये देण्यास सांगितले, तर राजस्थान सरकार तेवढ्या रकमेसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६२ मध्ये सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या पीठाने ते अपील फेटाळले. कल्याणकारी राज्य इतर कोणत्याही मालकाप्रमाणेच आपल्या नोकराच्या अपकृत्यास जबाबदार असले पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा होता.

प्रश्न तेथेच मिटावयास हवा होता. तसे झाले नाही. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालात, नौदलाच्या जहाजासाठी सामान नेणाऱ्या लॉरीखाली सापडलेल्या बालकाला भरपाईचा हक्क नाकारला गेला. कारण ती लॉरी सार्वभौम कार्यावर होती! विधी आयोगाने तर १९५६ मध्ये, आपल्या पहिल्याच अहवालात, राज्याच्या अशा जबाबदारीविषयी कायदा करण्याची शिफारस केली होती. १९६५ आणि १९६७ साली विधेयके आली, पण कायदा काही झाला नाही. आज न्यायालये हा बचाव सहसा मानीत नाहीत हे खरे. परंतु तो त्यांचा विवेक आहे, संसदेचे कर्तृत्व नव्हे.

म्हणजे माणूस मेला की गाडी सरकारी कामावर होती म्हणून सरकार हात झटकू पाहणार. आणि गाडी बाजारात गेली होती असे निघाले, तर ती सरकारी कामावर नव्हतीच म्हणून पुन्हा हात झटकण्याची वाट मोकळी.

त्यात विम्याची गोष्ट आहे. रिक्षावाल्याला तृतीय पक्षाचा विमा उतरविल्यावाचून रिक्षा रस्त्यावर आणता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने मात्र व्यापारी उपक्रमाशी संबंध नसलेल्या सरकारी वाहनांना या सक्तीतून मोकळे ठेवले आहे. एस.टी.सारख्या परिवहन उपक्रमाला अशी सूट हवी असेल तर भरपाईसाठी वेगळा निधी उभारावा लागतो. कार्यालयाच्या जीपला तेवढीही अट नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणखी एक आकडा बोलका वाटेल. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ च्या आदेशानुसार, सरकारी मोटारीचा हक्क असलेल्या वरिष्ठ केंद्रीय अधिकाऱ्याने घर ते कार्यालय प्रवासासाठी ती नाकारली, तर त्याला दरमहा १५,७५० रुपये आणि वर महागाई भत्ता मिळतो. अगदी खालच्या स्तरावरील कर्मचाऱ्याचा वाहतूक भत्ता मोठ्या शहरात १,३५० रुपयांपासून आणि अन्यत्र ९०० रुपयांपासून सुरू होतो. महागाई भत्ता त्यावरही आहेच. अंतर मात्र दोघांचेही घर ते कार्यालय एवढेच, आणि बहुधा खालच्याचेच अधिक! सरकारने स्वतःच मोटारीच्या सोयीचे मोल असे मांडून ठेवले आहे. मग ती मोटार घेऊनही सायंकाळी जी खासगी फेरी होते, ती फुकट कशी?

या फेरीला ‘नाही’ म्हणण्याची सोय चालकाला नसते. साहेबांच्या पत्नीने गाडी मागितली तर तो लॉगबुकात काय लिहिणार? ‘स्थानिक दौरा’ लिहितो, महिनाअखेरीस सह्या होतात. चौकशी लागली की त्याचेच अक्षर त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. भाड्याच्या गाड्यांची पद्धत रूढ झाल्यापासून तर हा चालक सरकारचा नोकरही राहिलेला नाही. रात्री अकरापर्यंत तो बंगल्याबाहेर बसून राहतो, आणि त्या ताटकळण्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक फेरीची सही त्याच दिवशी, प्रवास करणाऱ्या अधिकाऱ्याने करावी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये स्वतःहून माहिती जाहीर करण्याचे तत्त्व २००५ पासूनच आहे. त्याला अनुसरून खात्याने दरमहा लॉगबुके लोकांसमोर ठेवावीत, भाड्याच्या गाड्यांची देयकेही ठेवावीत. सुरक्षेच्या कारणाने काही नोंदी झाकाव्या लागतील. तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याच्या जीपमध्ये मात्र असे कोणते गुपित असते? खासगी कामाचा तोंडी हुकूम लेखी मागण्याचा अधिकार चालकाला द्यावा. अपघात झाल्यास, गाडी कोणत्याही कामावर असो, भरपाई प्रथम सरकारने द्यावी. फेरी खासगी ठरल्यास ती रक्कम हुकूम देणाऱ्याच्या वेतनातून वसूल करावी. आणि प्रत्येक खात्याने त्यासाठी निधी ठेवावा, एस.टी. ठेवते तसाच.